नुसते ‘छान’ नको आणि लाल पेनही नको



या भिंतीवर दर महिन्याला कविता, गोष्टी, चित्रे आणि कोडी लागतात. यावेळी मी गोष्ट लिहिलेली नाही. मला माझे एक मत मांडायचे आहे. आपण एकमेकांचे लिखाण वाचून जे सांगतो, ते नीट सांगायला शिकले पाहिजे, असे माझे मत आहे. हे मत मला पुस्तकात मिळाले नाही. माझ्या हातून एक चूक झाली, तिच्यातून मिळाले. म्हणून आधी ती चूकच सांगतो.

आपल्या वर्गाचा नियम तुम्हाला माहीतच आहे. कुठलाही लेख भिंतीवर लागण्याआधी तो दोन मुलांनी वाचायचा आणि खाली आपला अभिप्राय लिहायचा. मी यंदा संपादक मंडळात आहे. संपादक झालो म्हणून मी जरा जास्तच ताठ चालत होतो. घरून लाल पेन आणले होते. बाईंकडे असते तसलेच.

डिसेंबरमध्ये माझ्याकडे एका मुलीचा लेख आला. तिने नाव लिहू नकोस असे सांगितले आहे, म्हणून लिहीत नाही. लेखाचे नाव होते ‘माझी आजी आणि मिठागर’. तिची आजी तरुणपणी मिठागरावर कामाला जायची, त्याबद्दल एक पान लिहिले होते. मी लेख वाचायला घेतला तो पेनचे टोपण काढूनच. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ दिसले, केला गोल. ‘डोळे’ऐवजी ‘डोले’ दिसले, केला गोल. ‘मना’ दिसले, केला गोल. असे तेवीस गोल झाले. खाली मी मोठ्या अक्षरात लिहिले, “भाषा अशुद्ध. पुन्हा लिहून आण.” आणि सही पण केली.

तिने कागद घेतला, घडी घातली आणि दप्तरात टाकला. काहीच बोलली नाही. मला वाटले, घरी जाऊन पुन्हा लिहील. पण तिने लिहिले नाही. जानेवारीच्या अंकालाही तिने काही दिले नाही. मी विचारले तर म्हणाली, “मला नाय लिवता येत.”

मग आला २६ जानेवारी. झेंडावंदन झाल्यावर पालक भित्तिपत्रक बघायला या भिंतीपाशी आले. त्यांत तिची आजीही होती. आजीला वाचता येत नाही. ती एकेका कागदावरून बोट फिरवत पुढे जात होती. मग तिने मलाच विचारले, “बाला, नातीनं माझ्यावर लिवलाय तो कागद कुठं हाय?”

मी काय सांगणार? मी म्हटले, “पुढच्या महिन्यात लागेल.” ते खोटे होते. त्या दिवशी मिळालेला लाडू मला गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सगळे सांगितले. बाई मला रागावतील असे वाटले होते, पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझाच एक लेख मागितला. माझा लेख होता ‘आमच्याकडे रेल्वे आली’. खारकोपरपासून उरणपर्यंतचा रेल्वेमार्ग १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला, त्याच दिवशी अटल सेतूही सुरू झाला, हे सगळे मी त्यात लिहिले होते. बाईंनी तो लेख माझ्या चार मित्रांना वाचायला दिला. चौघांनी खाली लिहिले: “छान.” “खूप छान.” “मस्त.” “अक्षर सुंदर आहे.”

बाईंनी मला विचारले, “आता या लेखात तू काय सुधारशील?”

मी चारही शेरे पुन्हा वाचले. सुधारायला काहीच सापडेना. लेख चांगला आहे म्हणावे, तर त्यात चांगले काय आहे तेही कळेना.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा बोलला. त्याला अजून वाचायला वेळ लागतो, म्हणून त्याला कोणी लेख वाचायला देत नाही. त्याने बाजूला बसून ऐकले होते. तो म्हणाला, “गाडी आली हे लिवलास. पण तू बसलास का गाडीत?”

सगळे हसले. मी बसलोच नव्हतो! आकडे सगळे लिहिले होते आणि गाडीत पाय ठेवला नव्हता. त्या रविवारी बाबांच्या मागे लागून मी उरणहून नेरूळला जाऊन आलो. खिडकीतून खाडी दिसली, खारफुटी दिसली, आणि जिथे पूर्वी शेते होती म्हणून आजोबा सांगतात ती भरावाची जमीन दिसली. मग लेख पुन्हा लिहिला. आता त्यात माझे असे काहीतरी आले. चार ‘छान’नी जे झाले नाही, ते एका प्रश्नाने झाले.

त्यातून मला दोन गोष्टी समजल्या. माझे लाल पेन वाईट होते, कारण त्याने एका मुलीचे लिहिणे थांबवले. पण माझ्या मित्रांचे ‘छान’ही काही कामाचे नव्हते, कारण त्याने माझे लिहिणे पुढे सरकवले नाही. लाल पेन लावणाऱ्याने लेख पुरता वाचलेला नसतो, तो चुका मोजतो. ‘छान’ लिहिणाऱ्यानेही पुष्कळदा वाचलेला नसतो, त्याला मधल्या सुट्टीत खेळायला जायचे असते. हे मी स्वतःवरून सांगतो आहे.

कोणी म्हणेल, ‘छान’ म्हटल्याने नुकसान तर होत नाही ना? होते. जानेवारीच्या अंकाची गोष्ट आठवा. आपल्या एका मित्राने १६ आणि १७ जानेवारीच्या शेतकरी आंदोलनावर लिहिले होते. आपल्या भागात जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, ज्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले, आणि ज्यामुळे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याची योजना आली, ते आंदोलन. लेख मनापासून लिहिलेला होता, पण वर्ष पडले १९८५. दोघांनी वाचला, दोघांनी ‘खूप छान’ लिहिले, लेख भिंतीवर लागला. २६ जानेवारीला एक आजोबा तो वाचत उभे राहिले. ते स्वतः त्या आंदोलनात होते. ते शांतपणे म्हणाले, “बाळा, ८४ साल होतं. मी विसरेन कसा?” आपला मित्र सगळ्यांसमोर कानकोंडा झाला. त्याच्या दोन वाचकांनी आधीच हळूच सांगितले असते, “वर्ष एकदा घरी विचारून बघ,” तर ही वेळ आली नसती. म्हणजे मित्राला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलो, आणि त्याला जास्तच वाईट वाटले.

आता त्या आजीच्या लेखाकडे वळतो.

बाईंच्या सांगण्यावरून मी त्या मुलीची माफी मागितली आणि तो कागद पुन्हा वाचायला मागितला. तिने दोन दिवस दिला नाही. तिसऱ्या दिवशी दिला. मी तो पेन न घेता वाचला. पहिल्यांदाच मला तो लेख दिसला. त्यात भरतीचे पाणी उघाडीतून आत घेतात, ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडतात, उन्हाने आटत जाते आणि मग मीठ फुलते, हे सगळे होते. पाऊस पडायच्या आत सगळे मीठ उचलायची घाई होते, तेही होते. आमचे आगरी हे नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आले असे सांगतात. आणि मी त्या मिठावर तेवीस गोल काढून बसलो होतो!

मग बाईंबरोबर बसून आम्ही ते तेवीस गोल वेगळे केले. अकरा चुका खरोखर शुद्धलेखनाच्या होत्या. उदाहरणार्थ, ‘आणी’. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार बहुतेक दीर्घ असतो, पण ‘आणि’ला तो ऱ्हस्व असतो. तीन ठिकाणी वाक्य अर्धे राहिले होते. आणि उरलेले नऊ शब्द चुकीचे नव्हतेच. ते आमच्या आगरी बोलीतले होते. त्यांतले बरेचसे आजीच्या बोलण्यात आले होते. आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘ण’चा ‘न’ होतो. मी स्वतः घरी ‘मना भूक लागली’ असेच म्हणतो. घरी ‘मना’ म्हणायचे आणि शाळेत दुसऱ्याच्या ‘मना’ला गोल करायचा, हे कुठले शहाणपण?

बाईंनी तेव्हा बहिणाबाई चौधरींची हकिगत सांगितली. बहिणाबाई जळगावकडच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या आपल्या बोलीत ओव्या रचत. घरच्यांनी त्या कागदावर उतरवून ठेवल्या. १९५१ साली त्या वारल्या. त्यानंतर त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव यांनी त्या कविता आचार्य अत्रे यांना दाखवल्या. अत्रे त्या ऐकून भारावून गेले, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. आज ती गाणी आपल्या पाठ्यपुस्तकांतून सारा महाराष्ट्र शिकतो. मी मनात म्हटले, अत्र्यांच्या जागी लाल पेन घेऊन मी असतो तर? प्रत्येक ओळीत दहा गोल केले असते, आणि सोपानदेवांनी वही परत पेटीत ठेवली असती.

याचा अर्थ शुद्धलेखन शिकायचे नाही असा नाही. उद्या परीक्षेत, अर्जात, पत्रात प्रमाणभाषा लागणारच. ती आपल्याला आली पाहिजे. पण आजी बोलते तेव्हा तिच्या तोंडी तिचीच भाषा हवी. म्हणून आम्ही असे ठरवले की, आजीचे बोलणे अवतरणचिन्हांत जसेच्या तसे ठेवायचे. बाकी लेखात कुठे काय ठेवायचे ते लिहिणारीने ठरवायचे. अकरा चुका तिच्या तिने दुरुस्त केल्या. मी फक्त ओळीच्या बाजूला पेन्सिलीने बारीक टिंब केले होते. चूक शोधायचे काम तिचे.

मग मी तिला विचारले, “आजी पहाटे जायची असं तू लिहिलंस. तेव्हा अंधार असायचा का? पायात काय असायचं?” तिलाही ते माहीत नव्हते. तिने घरी जाऊन आजीला विचारले. आजी म्हणाली, पायात काहीच नसायचे, खारट पाण्याने पायांना भेगा पडायच्या, रात्री त्यांना खोबरेल तेल लावून बसायचे. तिने तेही लिहिले. एक पानाचा लेख दोन पानांचा झाला. तो आज या भिंतीवर डाव्या बाजूला आहे. जरूर वाचा.

असे करणारे आपण पहिलेच नाही. ‘सत्यकथा’ नावाचे मराठी मासिक होते, ते १९८२ साली बंद झाले. त्याचे संपादक श्री. पु. भागवत नव्या लेखकांना सविस्तर पत्रे लिहीत, कथेत काय साधले आहे आणि काय राहिले आहे ते कळवीत. पुष्कळ लेखक मग ती कथा पुन्हा लिहीत. एवढ्या मोठ्या लेखकांना पुन्हा लिहावे लागत होते, तर आपल्याला लिहावे लागले म्हणून काय बिघडले?

आणि अमेरिकेतील एक गोष्ट बाईंनी आपल्याला दाखवली होती, ती आठवते ना? आयडाहो राज्यात एका शाळेत पहिलीतल्या एका मुलाला फुलपाखराचे चित्र शास्त्रीय पद्धतीने काढायचे होते. त्याचे पहिले चित्र पहिलीतली मुले काढतात तसेच होते. कोणी त्याला हसले नाही, आणि कोणी ‘छान’ म्हणून सोडूनही दिले नाही. मुलांनी आधी फक्त पंखांच्या आकाराबद्दल सांगितले. तो जमल्यावर मग पंखांवरच्या नक्षीबद्दल सांगितले. तो पुन्हा पुन्हा काढत गेला, आणि सहावे चित्र पाहून खरे वाटेना की ते त्याच मुलाचे आहे. ही गोष्ट सांगणारे शिक्षक रॉन बर्जर म्हणतात की, सूचना प्रेमळ हवी, नेमकी हवी आणि उपयोगी हवी. तिन्ही पाहिजेत. माझी सूचना यांतली एकही नव्हती.

आता काही मुले काय म्हणतात ते पाहू.

काही म्हणतात, “तपासायला बाई आहेत ना! आपण कशाला?” पण बाईंकडे दोन वर्ग आहेत. शिवाय तपासण्याने तपासणाराही शिकतो. ‘आणि’ ऱ्हस्व असतो हे मला आठवण्यापुरते माहीत होते. दुसऱ्याच्या लेखात शोधायला लागल्यावर माझ्याच वहीत तीन ठिकाणी ‘आणी’ सापडले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर मुलाचे स्वतःचे आणि सोबत्यांचे मूल्यमापन असावे असे म्हटले आहे. म्हणजे हे काम पुढे वाढणारच आहे. ते आजच नीट शिकलेले बरे.

काही म्हणतात, “खरं सांगितलं की मैत्री तुटते.” मला वाटते, खरे सांगितल्याने मैत्री तुटत नाही, सांगण्याच्या पद्धतीने तुटते. “तुला येत नाही” असे म्हटले तर तुटेल. “इथे मला कळलं नाही” असे म्हटले तर नाही तुटणार.

आणि काही म्हणतात, “मलाच नीट लिहिता येत नाही, मी दुसऱ्याला काय सांगू?” त्यांना माझ्या रेल्वेच्या लेखाची आठवण देतो. सर्वांत कामाचा प्रश्न मागच्या बाकावरून आला होता. सांगायला मोठे लेखक असावे लागत नाही, लक्ष देऊन ऐकावे लागते.

म्हणून मी वर्गापुढे काही सूचना ठेवतो. पटल्या तर घ्या:

१) लेख पहिल्यांदा पेन हातात न घेता पुरा वाचावा.

२) आधी आपल्याला काय आवडले ते नेमके सांगावे. ‘छान’ एवढ्यावर थांबू नये. “आजीच्या पायांच्या भेगा वाचून मला माझी आजी आठवली,” असे सांगावे.

३) मग एक प्रश्न विचारावा. जे कळले नाही, किंवा आणखी वाचायला आवडेल, त्याबद्दल.

४) वर्ष, नाव, आकडा याबद्दल शंका आली तर गप्प बसू नये. हळूच सांगावे आणि दोघांनी मिळून खात्री करावी.

५) शुद्धलेखन शेवटी पाहावे. लाल पेन नको, पेन्सिल चालेल. बोलीतल्या शब्दाला चूक म्हणण्याआधी विचारावे.

६) लिहिणाऱ्यानेही लगेच भांडू नये. ऐकून घ्यावे. पटेल ते घ्यावे, न पटेल ते सोडावे. लेख शेवटी त्याचाच आहे.

शेवटची विनंती पालकांना. तुम्ही आमचे कागद वाचायला येता, याचा आम्हाला फार आनंद होतो. पण काही वेळा कोणी भिंतीपुढे उभे राहून आधी मोठ्याने म्हणते, “हे काय, किती चुका!” ज्याचा तो लेख असतो, तो तिथेच कुठेतरी खांबाआड उभा असतो, एवढे लक्षात असू द्या. चूक जरूर सांगा. त्या आजोबांनी १९८४ साल सांगितले ते बरेच झाले, आता ते आम्ही कोणीच विसरणार नाही. फक्त त्याच्या आधी लेख पुरता वाचा, आणि जमल्यास एखादा प्रश्न विचारा. तुम्हाला जेवढे माहीत आहे, तेवढे आम्हाला कोणी विचारल्याशिवाय लिहायला सुचत नाही.

माझे लाल पेन मी बाईंच्या टेबलावर ठेवून आलो आहे. आणि ती आजी आज येणार आहे. तिच्या नातीने मला सांगितले आहे की, आजीला लेख मीच वाचून दाखवायचा. मी रात्री घरी दोनदा वाचून सराव केला आहे. आजीचे बोलणे येते तिथे ‘डोले’ला ‘डोले’च म्हणणार आहे.

या माझ्या लेखाखाली बाईंनी कोरा कागद चिकटवला आहे आणि दोरीला पेन्सिल बांधली आहे. माझे कुठे चुकले, कुठे पटले नाही, ते तिथे लिहा. पण कृपा करून नुसते ‘छान’ लिहू नका!

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी, भित्तिपत्रक संपादक मंडळ